दुधावर वाढलेले बाळ

मार्केट यार्डातील एखाद्या आडत व्यापाऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणावे. खाली गाळा, मागे गोदाम आणि वर राहते घर. गोदामात बाजरी, मटकी, हरभरा, मसूर, तीळ यांची पोती छतापर्यंत रचलेली आहेत आणि वरच्या मजल्यावर चौदा महिन्यांचा नातू पाळण्यात आहे. बाळ गुटगुटीत आहे, गोरेपान आहे. येणारा प्रत्येक पाहुणा त्याचा गालगुच्चा घेऊन ‘अगदी लोण्याचा गोळा’ असे म्हणतो. दिवसातून पाच वेळा तो बाटलीभर दूध पितो. जेवणाचा घास तोंडाशी नेला की मान फिरवतो. सून काळजीने काही बोलू लागली की आजी तिला थांबवते, ‘दूध पितोय ना? मग झालं तर. दुधात सगळं असतं.’

एके दिवशी ताप आला म्हणून त्याला डॉक्टरांकडे नेले जाते. डॉक्टर खालची पापणी हलकेच ओढून पाहतात, बाळाचा तळहात त्याच्या आईच्या तळहाताशेजारी धरतात आणि रक्ततपासणी लिहून देतात. अहवालात हिमोग्लोबिन ७.८ येते. या वयात ते निदान १०.५ तरी असावे लागते. आजींचा चेहरा उतरतो आणि त्या म्हणतात, ‘पण डॉक्टरसाहेब, आमच्या घरात खाण्यापिण्याची ददात नाही हो!’

हे वाक्य खोटे नाही; म्हणूनच ते विचार करायला लावणारे आहे. रक्तक्षय हा गरिबाघरचा आजार अशी एक समजूत सुखवस्तू समाजात घट्ट बसलेली आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलांपैकी देशात ६७.१ टक्के आणि महाराष्ट्रात ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याआधीच्या सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा ५३.८ होता. बोटाला टोचून काढलेल्या थेंबावरून केलेली मोजणी थोडी फसवी असू शकते, हा तज्ज्ञांचा आक्षेप योग्य आहे. २०१६ ते २०१८ मध्ये मुलांच्या पोषणाचे जे स्वतंत्र राष्ट्रीय सर्वेक्षण झाले, त्यात शिरेतून रक्त घेण्यात आले आणि १ ते ४ वर्षांच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण सुमारे ४१ टक्के निघाले. आकडा खाली आला. पण त्याच सर्वेक्षणाने आणखी एक गोष्ट उघड केली. शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन मोजले असता लोहाची कमतरता खेड्यांतील मुलांपेक्षा शहरांतील मुलांत आणि गरीब घरांपेक्षा संपन्न घरांत अधिक आढळली. म्हणजे गोदाम भरलेले असणे आणि पाळण्यातल्या बाळाच्या रक्तात लोह असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत.

व्यापारी घराला हा हिशेब समजायला वेळ लागू नये. बाळ जन्माला येते ते आईकडून मिळालेली लोहाची आरंभीची शिल्लक घेऊन. ही शिल्लक मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जमा होते. म्हणून दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाची शिल्लक मुळातच तोकडी असते. प्रसूतीनंतर नाळ लगेच न बांधता एक ते तीन मिनिटे थांबले तर आणखी थोडे रक्त बाळाकडे जाते आणि शिल्लक वाढते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही तशीच आहे. एवढे सगळे जमून आले तरी ही शिल्लक साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह फार नसते, पण जेवढे असते ते बाळाच्या अंगी चांगले लागते. पुढे मात्र बाळाचे वजन वेगाने वाढते, वर्षाअखेर ते जन्मावेळच्या तिप्पट होते, आणि वजनासोबत रक्तही वाढावे लागते. त्यासाठी लागणारे लोह सहाव्या महिन्यानंतर ताटातूनच यायला हवे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार १ ते ३ वर्षांच्या मुलाला रोजच्या आहारातून ८ मिलीग्रॅम लोह मिळाले पाहिजे. आता पाच बाटल्यांचा हिशेब मांडावा. प्रत्येक बाटली २०० मिलिलिटरची धरली तर एक लिटर दूध झाले. गाईच्या असो वा म्हशीच्या, एक लिटर दुधात लोह असते जेमतेम अर्धा मिलीग्रॅम. त्यातही दुधातले कॅल्शियम आणि प्रथिने इतर अन्नातील लोह शोषले जाण्यात अडथळा आणतात. पोट मात्र गच्च भरते, मग भूक कुठून लागणार? एक वर्षाच्या आतील बाळाला वरचे दूध भरपूर दिले तर आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा किंचित रक्तस्रावही होऊ शकतो. शिवाय लोह कमी झाले की भूक मंदावते. भूक मंदावली की घरातील माणसे काकुळतीने आणखी एक बाटली पुढे करतात. या फेऱ्यातून मूल आपणहून बाहेर येत नाही.

बाळाच्या अंगी हे सारे हळूहळू उतरते, त्यामुळे रोज पाहणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. ज्याला गोरेपणा म्हणून कौतुकाने मिरवले जाते तो अनेकदा निस्तेज फिकेपणा असतो. आयुर्वेदाने या व्याधीला पांडुरोग असे नाव दिले ते याच फिकटपणावरून. पापणीची आतली बाजू, जीभ, ओठ, तळहात ही खरी पाहण्याची ठिकाणे आहेत. मूल किरकिरे होते, खेळता खेळता बसते. काही मुले माती, भिंतीचे पोपडे, खडू चाटू लागतात. काही मुले रडता रडता श्वास रोखून निळी पडतात. घरात त्याला ‘हट्टी आहे, आजोबांवर गेलाय’ असे म्हटले जाते. परंतु अशा मुलांपैकी पुष्कळांत लोहाची कमतरता आढळते आणि लोह दिल्यावर हे झटके कमी होतात, ही गोष्ट बालरोगतज्ज्ञांना चांगली ठाऊक आहे.

फिकेपणा औषधाने भरून निघतो. खरी चिंता मेंदूची आहे. पहिल्या दोन वर्षांत मेंदूची जी बांधणी चालते, तिला लोह लागते. बेट्सी लोझॉफ या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ महिलेने मध्य अमेरिकेतील कोस्टारिका या देशात १९८० च्या दशकात रक्तक्षय असलेल्या एक ते दोन वर्षांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि त्याच मुलांना ती पुढे वर्षानुवर्षे तपासत राहिली. मुले पाच वर्षांची झाली तेव्हा त्यांचे रक्त सुधारलेले होते. तरीही बालपणी लोह कमी असलेली मुले बुद्धी व हालचालींच्या चाचण्यांत इतरांच्या मागे होती. अकरा ते चौदा वर्षांच्या वयात पुन्हा पाहिले तेव्हाही अंतर पुरते मिटलेले नव्हते. सर्वच मुलांचे असे होते असे नाही आणि घाबरून जाण्याचेही कारण नाही. परंतु ‘मोठा झाला की आपोआप खाईल’ या भरवशावर जे महिने जातात, ते महिने परत मिळत नाहीत. दुकानातील उधारी उशिरा का होईना वसूल होते, ही तशी होत नाही.

येथे जैन घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. आपण कंदमुळे खात नाही, चातुर्मासात पालेभाजी सोडतो, आठम-चौदसला हिरवे घेत नाही. या नियमांमुळे तर हे होत नसेल? आणि बाहेरचे लोक तर थेट ‘अंडे द्या, मांसाचे सूप द्या’ असे सुचवून मोकळे होतात. मांसाहारातील लोह अधिक सहज शोषले जाते ही वस्तुस्थिती आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. वनस्पतिजन्य लोहाचा दहातला एखादाच भाग अंगी लागतो. पण म्हणून दोष नियमांवर जात नाही. बटाटा, कांदा, गाजर यांत लोह नाममात्रच असते. ते वर्ज्य केल्याने या बाबतीत काही बिघडत नाही. पालकाचे नाव मोठे असले तरी त्यातील लोह बांधलेल्या स्थितीत असल्याने फारसे मिळत नाही. लोह आहे ते धान्य-कडधान्यांत, म्हणजे त्याच खालच्या गोदामात. १०० ग्रॅम बाजरीत ६ मिलीग्रॅमहून अधिक लोह असते. मटकी, मसूर, हरभरा यांत ६ ते ८ च्या आसपास. तिळात त्याहूनही बरेच जास्त. पॉलिश केलेल्या तांदळात ते १ मिलीग्रॅमही नसते. ही कडधान्ये चातुर्मासातही चालतात आणि तिथीलाही चालतात. लहान मुलांना नियम लागू नसतात असे घरोघरी म्हटले जाते, पण चूल एकच असल्याने मोठ्यांसाठी जे शिजते तेच त्यांच्या वाट्याला येते, हेही लक्षात ठेवावे लागते.

वाट्याला काय येते ते पाहिले की सारे उमगते. बाळाला देतात ती भाताची पेज आणि वरणाचे पाणी. डाळीचे सत्त्व वरच्या पाण्यात उतरते ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. प्रत्यक्षात सत्त्व खाली डाळीतच राहते आणि बाळाच्या पोटात गरम खारट पाणी जाते. दुपारी आजोबा त्याला कौतुकाने गादीवर घेऊन बसतात आणि बशीतल्या चहात बुडवलेले बिस्कीट भरवतात. बिस्किटात मैदा आणि साखर. चहातले टॅनिन तर असलेल्या लोहालाही धरून ठेवते. चार वर्षांखालील मुलाला चहाची गरजच काय? संध्याकाळी पुन्हा दूध. कोणी काही वाईट खाऊ घातलेले नाही, सर्वांनी प्रेमानेच भरवले आहे, आणि तरी ८ मिलीग्रॅमपैकी एक-दीड मिलीग्रॅमही पोटात गेलेले नाही.

बदल करायचा तो मोठा नाही. वरचे दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरच्या पुढे जाऊ देऊ नये, आणि तेही जेवणाच्या वेळेपासून दूर, पेल्यातून द्यावे. बाटली सुटली की दूध निम्म्यावर येते, हा अनेक आयांचा अनुभव आहे. आईचे दूध सुरू असेल तर ते खुशाल चालू ठेवावे. घट्ट मुगाचे वा मसुराचे वरण, बाजरीच्या पिठाचे घाटे, भिजवून मऊ शिजवलेल्या मटकीचा कुस्करा, खजुराचा गर, तिळकूट हे सारे वर्षाच्या आसपासचे मूल खाऊ शकते. अख्खे दाणे मात्र घशात अडकतात, म्हणून वाटून किंवा कुस्करूनच द्यावे. कडधान्य भिजवल्याने त्यातील लोह अडवणारे घटक कमी होतात. मोड आणल्यास आणखी कमी होतात. पण ज्या घरांत मोड वर्ज्य आहेत त्यांनी नुसते भिजवणेही पुरे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वरणावर लिंबाचे चार थेंब. आंबटातील क जीवनसत्त्व वनस्पतिजन्य लोहाचे शोषण कितीतरी वाढवते. ज्या दिवशी लिंबूही चालत नाही, त्या दिवशी वाळवलेल्या आवळ्याची चिमूटभर पूड उपयोगी पडते.

आपल्या रीतींत काही गोष्टी नकळत साह्यकारीही आहेत. डाळीसोबत कच्चे दही न घेण्याचा द्विदलाचा नियम जेथे पाळला जातो, तेथे डाळीतील लोहाच्या वाटेत दह्यातले कॅल्शियम येत नाही. नियमाचे प्रयोजन अर्थातच निराळे आहे. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला मूल पेंगुळलेले नसते, घरातील सगळे जण सोबत बसलेले असतात. त्या पंगतीत त्याचीही एक छोटी ताटली मांडली तर ते पाहून पाहून खायला शिकते. माळ्यावर टाकलेली आजीची लोखंडी कढईही खाली काढावी. इथिओपियात लोखंडी भांड्यांत शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यांतील अन्न खाणाऱ्या मुलांपेक्षा अधिक वाढल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोकम वा टोमॅटो घातलेल्या आमटीत हे लोह अधिक उतरते.

रक्तक्षय एकट्या लोहाच्या उणिवेने होतो असेही नाही. याचा एक लख्ख पुरावा मिळाला तो मुंबईतच. ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ च्या सुमारास मुंबईत आली आणि गिरणी कामगार स्त्रियांच्या गर्भारपणातील रक्तक्षयाचा तिने शोध घेतला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे तिला आढळले. त्या अर्कातील घटक म्हणजे फोलेट हे पुढे सिद्ध झाले. फोलेट डाळी-कडधान्यांतून मिळते. जैन घरांनी ज्याच्याकडे अधिक काळजीपूर्वक पाहावे ते आहे बी-१२ जीवनसत्त्व. ते वनस्पतींत नसते. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गर्भवतींचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात बहुसंख्य स्त्रियांत बी-१२ कमी आढळले. आईच्या अंगी ते नसेल तर तिच्या दुधातही उतरत नाही. अशा आईच्या दुधावरच असलेले बाळ सहाव्या-आठव्या महिन्यापर्यंत मलूल होते, हसणे कमी करते, मान धरणे वा बसणे शिकले असेल तर तेही विसरू लागते; बोटांच्या पेरांवर काळसरपणा येतो, पुढे हातापायांना कंप सुटतो. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६२ साली अशा बाळांचे वर्णन प्रसिद्ध केले. बी-१२ मिळताच ही बाळे काही दिवसांत तरतरीत होतात. उशीर झाला तर मात्र काही उणीव मागे राहते. म्हणून पाळण्यापाशी पाच वेळा जाणाऱ्या दुधापैकी दोन पेले सुनेकडे वळवावेत. तिने गर्भारपणात आणि बाळ अंगावर असताना बी-१२ तपासून घ्यावे आणि डॉक्टर सांगतील तर औषधही घ्यावे.

लोह कमी असेल तर रक्तपेशी लहान होतात, बी-१२ कमी असेल तर मोठ्या. दोन्ही एकदम कमी असतील तर सरासरी ठीक दिसते आणि अहवाल फसवतो. पेशी लहान आहेत पण दोन महिने लोह देऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, असे झाले तर थॅलॅसेमियाची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. हा आनुवंशिक दोष काही व्यापारी समाजांत इतरांपेक्षा अधिक आढळतो, आणि सोयरीक जुळवताना त्याचे मोल फार मोठे आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

औषधाविषयी या वाचकवर्गाची एक रास्त शंका असते. रक्तवाढीच्या काही टॉनिकांत प्राण्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन वापरले जात असे, ही गोष्ट खरी आहे. औषधाच्या बाटलीवर खाद्यपदार्थासारखा हिरवा ठिपका असतोच असे नाही. तेव्हा घटकांची ओळ वाचावी. फेरस सल्फेट, फेरस ॲस्कॉर्बेट यांसारखी लोहाची औषधे रसायनशाळेत तयार होतात. बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार करतात. मात्र कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते, म्हणून गोळी किंवा थेंब मागावेत. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या शासकीय कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोह-फॉलिक द्रव देतात. त्यात २० मिलीग्रॅम लोह असते. अंगणवाडीत किंवा आशा ताईंकडे ते विनामूल्य मिळते. ते घेण्यात कमीपणा कसला? वर्षातून दोनदा जंताची गोळीही मिळते. रक्तक्षय ठरलेल्या मुलाचा डोस मात्र वजनावरून, दर किलोला रोज सुमारे ३ मिलीग्रॅम, असा डॉक्टरच ठरवतात. आणि ७ च्या खाली हिमोग्लोबिन असेल तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.

ही औषधाची बाटली, तसेच घरातील गर्भवतीच्या लोहाच्या गोळ्या, कुलपात किंवा उंच फळीवर ठेवाव्यात. लाल चकचकीत गोळ्या मुलांना गोळ्या-चॉकलेटांसारख्या दिसतात आणि मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततात.

त्या आडत्याच्या घरी पहिला आठवडा कठीण जातो. बाटली बंद झाल्याने बाळ रात्री दोनदा उठून आकांत करते. आजींचा जीव कासावीस होतो. ‘एवढीशी दिली तर काय होतंय?’ असे त्या सुनेला दोनदा विचारतात, पण देत नाहीत. औषधाने शी काळी होते म्हणून फोन केला जातो. ते अपेक्षितच आहे असे उत्तर मिळते. दहाव्या दिवशी आजोबांच्या ताटातील बाजरीच्या भाकरीचा तुकडा बाळ स्वतः उचलते आणि वरणात बुडवून चोखत बसते. महिन्याने पुन्हा रक्त तपासतात. हिमोग्लोबिन ९.१.

‘आता औषध थांबवायचं ना?’ आजी विचारतात.

‘नाही आजी,’ डॉक्टर सांगतात, ‘रक्त भरतंय, पण साठा अजून रिकामाच आहे. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही आणखी दोन-तीन महिने द्यायचंय. आणि पुढच्या वेळी सूनबाईंचाही अहवाल घेऊन या.’

आजी मान डोलवतात आणि पिशवीतून आपली डायरी काढून पुढची तारीख लिहून घेतात.